ओदिली पडली नाही

लोमाफ्रीया गावातल्या म्हाताऱ्यांना आनिया लांबूनच ओळखू यायची. एका खांद्याला लसींची निळी पेटी, दुसऱ्या खांद्याला वजनकाटा, गळ्यात रक्तदाब मोजायचं यंत्र आणि तोंडात उपदेश. सरकारी आरोग्यकेंद्राची घरोघरी फिरणारी सेविका म्हणून तिला एकवीस वर्षं झाली होती. ज्वालामुखीच्या उतारावर वसलेलं हे गाव तिनं चढून-उतरून इतकं पालथं घातलं होतं, की कुणाच्या घरात किती पायऱ्या आहेत हे तिला त्या घरच्या सुनेपेक्षा जास्त ठाऊक असायचं.

"साखर कमी करा, मीठ कमी करा," ती सांगायची, "पण सगळ्यात आधी पडू नका. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो. खिळला की कितीतरी जण वर्षसुद्धा काढत नाहीत. मी डोळ्यांनी बघितलंय."

आणि बोलून थांबायची नाही. दारातली सैल सतरंजी स्वतः गुंडाळून कोपऱ्यात उभी करायची. ती गेल्यावर म्हातारी माणसं ती पुन्हा अंथरायची, हा भाग वेगळा.

तिचं स्वतःचं घर मात्र नमुनेदार होतं. तीन वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा तिनं आईला वरच्या मळ्यावरून आपल्या घरी आणलं. आई म्हणजे ओदिली, वय एकोणऐंशी. तोपर्यंत ती रोज दोन गाईंची धार काढत होती, मका दळत होती, आणि रविवारी देवळात मिस्सेच्या प्रार्थनेला चालत खाली उतरून चालत वर जात होती. आनियाचा थोरला भाऊ ओल्मान राजधानीत राहायचा. आईला आणलं त्या दिवशी त्यानं बजावलं होतं, "आयुष्यभर राबली ती. आता तिनं इकडची काडी तिकडे करायची नाही." आनियालाही ते मनापासून पटलं होतं. गाई विकल्या, कोंबड्या वाटून टाकल्या, दळायचं यंत्र पोत्यात बांधून शेडमध्ये टाकलं. कपड्यांना मशीन आलं. मिस्सेला गाडीनं जाणं सुरू झालं. न्हाणीघरात धरायला पोलादी दांडे बसवले, पॅसेजमध्ये दिवा लावला, घरात एक सतरंजी ठेवली नाही. केंद्रात शिकाऊ मुली आल्या की तिथली मोठी बाई त्यांना मुद्दाम आनियाचं न्हाणीघर बघायला पाठवायची.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी आनिया लसींची कार्डं घरीच विसरली. वरच्या वस्तीपर्यंत गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. चरफडत ती मागं फिरली. साडेनऊ वाजले होते, धुकं अजून कांद्याच्या वाफ्यांवर बसलेलं होतं. तिनं किल्ली फिरवली. बिजागऱ्यांना गेल्याच आठवड्यात तेल घातल्यामुळं दार आवाज न करता उघडलं.

आई पॅसेजमध्ये रांगत होती.

पहिल्यांदा आनियाला वाटलं, नवस असेल. ऑगस्टात कार्तागोच्या मोठ्या देवळात बाया गुडघ्यांवर चालत मेरीमातेपुढं जातात, तसं काहीतरी आईनं घरीच चालवलं असेल. पण आई प्रार्थना करत नव्हती. तिच्या दोन्ही गुडघ्यांना जुन्या गोधडीचे जाड तुकडे बांधलेले होते. नीट शिवलेले, वर बटणं लावलेली, आणि ती बटणं बाबांच्या कोटाची होती. हातात लोकरीचे मोजे चढवलेले होते. गळ्यात कापडी पिशवी लोंबत होती, तिच्यातून थर्मासचं टोपण आणि पावाचा तुकडा डोकावत होता. उजवा हात, डावा गुडघा. डावा हात, उजवा गुडघा. पॅसेजमधल्या दिव्याखाली ती किंचित थांबली, दम घेतला, आणि भिंतीला खांदा लावून सराईतपणे न्हाणीघराकडं वळली.

आनियाला हादरा बसला तो त्या वळण्याचा. पडलेलं माणूस धडपडत सरकतं, ते तिनं शंभर वेळा पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. इथं बारीकसारीक सगळं ठरलेलं होतं, कुठं थांबायचं, कुठं टेकायचं. हे काही एका दिवसात येत नाही.

एकवीस वर्षांत तिनं काय काय पाहिलं नव्हतं? बंद घरात चार दिवस मरून पडलेला माणूस पाहिला होता, भाजलेलं मूल पाहिलं होतं. त्या त्या वेळी ती लगेच कामाला लागली होती. आज तिच्या खांद्यावरून वजनकाटा घसरून फरशीवर आपटला, तरी तिला तो उचलता येईना.

ओदिलीनं मान वळवून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, थोडा वैताग होता.

"आज लवकर आलीस," ती म्हणाली.

"आई... पडलीस का तू?"

"नाही."

"मग?"

"मग काय? न्हाणीघरात चाललेय. आधी जाऊ दे मला, नाहीतर इथंच होईल."

आनिया बाजूला झाली. आईनं दाराच्या चौकटीला धरलं, मग आत दांड्याला धरलं, आणि दोन हातांवर सगळं अंग ओढत वर घेतलं. दार लागलं. आनिया बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली.

थोड्या वेळानं दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या. आनियानं सवयीनं गुळाचं पाणी गरम करायला ठेवलं आणि गॅस पेटवायलाच विसरली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"बटाटे काढायचे दिवस होते ना, तेव्हापासून."

"म्हणजे मे महिना? पाच महिने?"

"असतील."

आनिया मनातल्या मनात दिवस चाळू लागली. सकाळी सातला ती निघायची तेव्हा आई या खुर्चीत केस विंचरून बसलेली असायची. चारला परतायची तेव्हाही आई याच खुर्चीत. रात्री ती झोपायला जायची तरी आई, "तू हो पुढं, मी ही मालिका संपवून येते," म्हणायची. रविवारी गाडीपर्यंत जाताना आनिया तिचा दंड धरायची, आणि आईचा सगळा भार आपल्या हातावर येतो याचं तिला बरंच वाटायचं. वाटायचं, लाडात येते. आईला आपलं आपण उठून चालताना शेवटचं कधी पाहिलं? ती आठवत राहिली. आठवेना. एकाच घरात राहून आठवेना.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं त्यात? पडले असते तर सांगितलं असतं." ओदिलीनं हातातले मोजे काढून मांडीवर ठेवले. "पाय लटलटायला लागले. उभी राहिले की डोकं गरगरायचं. एकदा तोल जाऊन शेगडीवरच पडणार होते. त्या दिवशी तू इथंच बसून समोरच्या फ्लोरीला सांगत होतीस, पडू नका, पडलं की संपलं. मी म्हटलं, खरंय पोरीचं. मग विचार केला, जमिनीवरच असलं की माणूस पडणार कुठं? रांगणारं मूल कधी पडलेलं पाहिलंयस?"

आनियाची नजर आईच्या गुडघ्यांवरच्या बटणांकडं गेली.

"आणि तुला सांगितलं असतं तर तू ओल्मानला सांगितलं असतंस. त्यानं चाकाची खुर्ची आणली असती. फ्लोरीच्या बहिणीला बसवलंच की तसं. पुढं तिला तव्यावरच्या तोर्तियासारखं या कुशीवरून त्या कुशीवर उलटत होते. मला नाही तसं मरायचं."

आनिया उठली. काहीतरी करायला हवं होतं, आणि तिला करता येण्यासारखी एकच गोष्ट होती, तिचं काम. तिनं आईची खुर्ची भिंतीला टेकवली. "आई, दोन्ही हात छातीवर घे. हातांचा आधार न घेता ऊठ." हेच ती घरोघरी सांगायची. सांगायला हवं होतं, असं म्हणणं जास्त खरं.

ओदिलीनं हात छातीवर घेतले. अंग पुढं झुकलं, टाचा उचलल्या, आणि ती परत मागं टेकली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा. चौथ्यांदा ती धडा न येणाऱ्या पोरीसारखं ओशाळं हसली आणि म्हणाली, "राहू दे आज."

मग आनियानं तिचे स्वेटर काढले. थंडीचं गाव, म्हातारी माणसं दोन-दोन घालतात, त्यात काही विशेष नसतं. आईनं चार घातले होते. चौथ्याखाली जे निघालं ते पाहून आनियानं पटकन तोंडावर हात घेतला. खांद्याची हाडं टोपलीच्या काड्यांसारखी वर आली होती. न्हाणीघरात दांड्यापाशी काट्यावर उभं केलं तर चव्वेचाळीस किलो. जानेवारीत बावन्न होती.

"तू जेवत नाहीस? मी रोज फ्रीजमध्ये डबा भरून जाते. भात, राजमा, भाजी. रोज रिकामा असतो."

"तो रांगत कसा आणायचा, सांग. बशी सांडते. पाव पिशवीत राहतो." ओदिलीनं स्वेटर पुन्हा अंगावर ओढला. "शिवाय जास्त खाल्लं की सारखं न्हाणीघर गाठावं लागतं. डबा फ्लोरी तिच्या कुत्र्याला नेते."

ऑगस्टात आनियानं फ्लोरीला हसत हसत सुनावलं होतं, की तुमच्या कुत्र्यालासुद्धा पथ्यावर ठेवा, पिंप झालाय नुसता. फ्लोरीनं तेव्हा मान खाली घातली होती. आनियाला वाटलं होतं, लाजली.

ती तशीच रस्ता ओलांडून फ्लोरीच्या दारात गेली. सत्तरीची फ्लोरी ओट्यावर कांद्याच्या जुड्या बांधत होती. आनियाचा चेहरा पाहताच तिनं सुतळी खाली ठेवली.

"कळलं तर," फ्लोरी म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं."

"दुपारी मीच जाते ना तिच्याकडं. तिनं शपथ घातली होती, मेरीमातेची. मोडू कशी?"

"मी आरोग्यसेविका आहे, फ्लोरी. तुमच्या दारात महिन्याला येते. एक शब्द बोलायचा होता."

"येतेस, पोरी. यंत्र लावतेस, आकडा लिहितेस, सतरंजी गुंडाळतेस आणि जातेस. बोलायला मधे फट कुठं असते?" फ्लोरीच्या आवाजात राग नव्हता. "शिवाय आम्हाला वाटायचं, तुझ्याच घरात आहे ती. तुला दिसत असणारच. तूच बोलत नसशील."

"आम्हाला म्हणजे?"

फ्लोरीनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांकडं नुसतं पाहिलं.

घरी येऊन आनियानं कपाटातून स्वतःच्या कुटुंबाचं कार्ड काढलं. गावातल्या प्रत्येक घराचं असतं तसं. जुलैची नोंद होती. 'वृद्ध व्यक्ती आधाराशिवाय चालते का?' त्यापुढं 'होय', आणि खाली तिचीच सही. याच टेबलावर बसून तिनं ते भरलं होतं. आई समोर बसलेली होती. जागेवरून न हलता ती म्हणाली होती, "माझं काय विचारायचंय, लिही बरी आहे म्हणून." आणि तिनं लिहिलं होतं. वरची वस्ती संध्याकाळच्या आत उरकायची होती.

तिनं ते अक्षर कितीदा तरी वाचलं. दुसऱ्या कुणी सेविकेनं असं केलं असतं तर तिनं तिला नोकरीवर ठेवू दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या डॉक्टर मोंतेरोबाईंनी ओदिलीला तासभर तपासलं. रक्त घेतलं, कान पाहिले, तळव्यांना टाचणी टोचून पाहिली. मग खुर्ची जवळ ओढून बसल्या.

"ओदिलीबाई, दिवसभर तुम्ही काय करता?"

"बसते."

"आणि?"

"आणि मग झोपायची वेळ होते."

"आधी काय करायचात?"

ओदिलीनं आनियाकडं पाहिलं, जणू हे सांगितलं तर चालेल का असं विचारल्यासारखं. "आधी? आधी मला बसायला वेळ कुठं होता!"

आठवड्यानं रक्ताचे कागद आले. मोठा आजार कुठलाच नव्हता. डॉक्टरबाईंनी आनियाला बाजूला घेतलं. रक्तदाबाची गोळी बावन्न किलोच्या बाईला दिलेली होती, ती आता अंगाला जड होत होती, म्हणून डोकं गरगरत होतं. गोळी निम्मी करायची. बाकी पायांचं म्हणशील तर वापर नाही आणि वर पोटात पुरेसं अन्न नाही, पाय वाळणारच.

"तीन वर्षं बसून राहिल्या त्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खरं सांगू? रांगत होत्या म्हणून हात आणि पाठ तरी शाबूत राहिली. तुम्हा मुलांना हवं होतं तशा खुर्चीत गप्प बसल्या असत्या, तर आज त्यांना उचलून आणावं लागलं असतं."

आनियाला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घरात आईला वाचवणारी जी एकच गोष्ट होती ती आईनं चोरून केली होती, आणि बाकीचं सगळं तिनं, आनियानं, प्रेमानं केलं होतं.

संध्याकाळी ओल्मानचा फोन आला. तो आधी ओरडला, मग रडला, मग म्हणाला, "शनिवारी येतो. येताना चाकाची खुर्ची घेऊन येतो. चांगली, हलकी."

"आणलीस तर दारातूनच परत ने," आनिया म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं? ती रांगतेय आणि तू..."

"आपण दोघांनी तिला रांगायला लावलंय, ओल्मान. तुझं अर्धं, माझं अर्धं. नाही, माझंच जास्त. मला कळायला हवं होतं."

शनिवारी तो आला, तेव्हा त्याच्या हातात खुर्ची नव्हती. पण दिवसभर तो आईच्या मागं मागं दोन्ही हात पसरून फिरत राहिला, पडणारं भांडं झेलायला उभं राहावं तसा. शेवटी ओदिली त्याला म्हणाली, "तू बस बाबा एका जागी. तुला बघून मलाच चक्कर येते."

कार्तागोहून व्यायाम शिकवणारी एक मुलगी आठवड्याला यायची. खुर्चीतून हात टेकवून दहा वेळा उठायचं, ओट्याला धरून टाचा उचलायच्या. रोज दोन अंडी, राजमा, चीज. पहिले चार दिवस ओदिलीनं मुकाट केलं. पाचव्या दिवशी तिनं पाय दुमडून घेतले.

"नुसती ऊठबस करायला मी काय शाळेतली पोर आहे? उठायचं तर कशासाठी तरी उठेन. माझं दळायचं यंत्र कुठाय?"

आनिया शेडमध्ये गेली. पोत्यावर तीन वर्षांची धूळ होती. तिनं यंत्र घासून ओट्याच्या कडेला आवळून बसवलं. आईनं एका हातानं ओटा धरला आणि दुसऱ्यानं दांडा फिरवला. पहिल्या दिवशी मूठभर मका झाला. त्या मूठभर मक्याची एकच तोर्तिया झाली, ती दोघींनी अर्धी अर्धी खाल्ली. पुढच्या आठवड्यात फ्लोरीनं चार कोंबड्या आणून सोडल्या आणि न बोलता निघून गेली. कोंबड्यांना दाणे टाकायला दारापर्यंत जावं लागतं; ओदिली आधी दोन काठ्यांवर गेली, मग एका.

हे चालू असताना आनियानं आणखी एक गोष्ट केली. केंद्रातल्या मोठ्या बाईपुढं तिनं जुलैचं कार्ड ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. बाईनं तिला बोल लावला नाही, आणि तेच आनियाला जड गेलं. मग ती यादी घेऊन निघाली. सत्तरीपुढची अडतीस माणसं होती. प्रत्येकाला ती म्हणायची, "आज यंत्र नंतर. आधी जरा उठून दाखवा."

एलादिओकाका गेली कित्येक वर्षं ओसरीतल्या खुर्चीतूनच तिची थट्टा करायचे. आजही त्यांनी सुरुवात केली, "मला उठवायचं असेल तर नाचायला बोलव. तपासायला कोण उठतं?"

"नाचू," आनिया म्हणाली. "उठा."

ते हसले. मग हसू हळूहळू मावळलं. त्यांनी खुर्चीचे हात धरले, सोडले. आतून त्यांची बायको आली आणि पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसत म्हणाली, "उन्हाळ्यापासून मीच उठवते त्यांना. लोकांना सांगू नकोस."

अडतीसपैकी पाच जणांना उठता आलं नाही. पाचही जणांच्या कार्डावर आनियाच्या हातचं 'होय' होतं. पाचव्या घरातून बाहेर पडल्यावर ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली, आणि पेटी मांडीवर घेऊन बराच वेळ तशीच बसून राहिली. बसमधून कुणीतरी हात केला, तो तिला दिसला नाही.

डिसेंबरात ओल्मान बायकामुलांना घेऊन तामालेस करायला आला. नाताळाआधी गावात प्रत्येक घरी मक्याच्या पिठात सारण भरून ते केळीच्या पानात बांधून शिजवतात, आणि ते एकट्यानं करायचं काम नव्हे. मोठं टेबल अंगणात मांडलं. ओदिली टेबलाच्या टोकाला उभी राहिली, पोट कडेला टेकवून, आणि पानावर पीठ थापायला लागली. ओल्माननं लगबगीनं खुर्ची आणली. आनियानं त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो थांबला, पण खुर्ची त्यानं हातात धरूनच ठेवली.

"पान उलटं धरलंयस," ओदिली सुनेला म्हणाली. "गुळगुळीत बाजू आत. तीस वर्षं सांगतेय."

तिनं अकरा तामालेस बांधले. मग तिचे गुडघे थरथरू लागले आणि तिनं स्वतःच मागं न बघता हात पसरून खुर्ची मागितली. तेवढ्यानं ती इतकी दमली, की दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत उठली नाही. खाली देवळापर्यंत चालत जाणं तिला पुढं कधीच जमलं नाही. फ्लोरीच्या ओट्यापर्यंत मात्र ती जायची, काठी टेकत, वाटेत दोनदा थांबून, आणि आनियानं सोबत यायचं नाही ही तिची अट होती.

आनिया आता दुपारी कधीही घरी येते, कामाच्या मधेच. किल्ली लावायच्या आधी ती दारापाशी उभी राहते आणि ऐकते. आत काठीचा आवाज आला तर बरं. कधी नुसती शांतता असते, आई वाचत असते किंवा पेंगत असते, तेवढंच. पण त्या शांततेत आनियाचा हात किल्लीवर तसाच राहतो, आणि दार ढकलायला तिला थोडा वेळ लागतो.